सात ठिकाणी बेकर

रविवारी आमच्या पुरवणीत एका जर्मन कादंबरीच्या मराठी अनुवादाचं परीक्षण छापून आलं. परीक्षणाच्या मूळ मजकुरात 'पोदेर' हा शब्द सात ठिकाणी होता. छापताना सातही ठिकाणी त्याचा 'बेकर' झाला.

परीक्षण गोव्यातल्या चोपडे गावच्या शुभांगी परब यांचं. त्या गावातलं वाचनालय सांभाळतात, जर्मन शिकलेल्या आहेत. मूळ पुस्तक शेजारी ठेवून त्यांनी अनुवाद दोनदा वाचला होता. कादंबरीचा नायक एका लहान जर्मन गावात पाव भाजतो. अनुवादक डिचोलीचे. त्यांनी त्याला सरसकट पोदेर, म्हणजे आपल्या गोव्यातला पाववाला, केलं. परबबाईंचा आक्षेप असा होता: "पोदेर दारात येतो, बेकरकडे आपण जातो." कादंबरीतलं गाव एके दिवशी त्याच्या दुकानाची पायरी चढायचं सोडतं आणि तो माणूस संपतो. पोदेर असता तर सायकल काढून, भोंपू वाजवत पुढच्या वाड्यावर गेला असता.

छापलेलं वाक्य असं: "बेकर दारात येतो, बेकरकडे आपण जातो."

सोमवारी सकाळी अनुवादकांचा फोन आला. "माझ्या पुस्तकात बेकर हा शब्द एकदासुद्धा नाही. तुमच्या बाईंनी पुस्तक वाचलं, की नुसतं कव्हर?"

मग परबबाईंचा. "भाऊ, वाचनालयात येतो तो विचारतो, बाय, तुका बरें आसा मगो? काय सांगू मी?"

मी पाठवलेली फाइल उघडली. माझ्याकडून मजकूर बरोबर गेला होता. पानं मुख्य कार्यालयात लागतात, गोव्याबाहेर. तिथे स्टाइलशीट आहे, म्हणजे कुठल्या शब्दाच्या जागी कुठला छापायचा याची यादी. बदल कॉम्प्युटर करतो. नंतर ते पान कोणी वाचत नाही.

मी डेस्कच्या प्रमुखांना फोन लावला.

"पोदेर म्हणजे बेकरच ना?"

"हो, पण..."

"मग अर्थ कुठे बदलला?"

"साहेब, परीक्षणाचा विषयच तो शब्द आहे. ते वाक्य एकदा वाचून बघा."

त्यांनी वाचलं. "शैलीदार आहे," म्हणाले.

परीक्षण पुन्हा छापा, असं मी सांगितलं. जागा नाही, खुलासा छापू, असं उत्तर आलं. परबबाईंना ते कळवलं.

"मी पुस्तक वाचलं होतं, एवढं लोकांना कळूं दे," त्या म्हणाल्या. "नाहीतर तुमचं पुढचं जर्मन पुस्तक परत घेऊन जा."

खुलासा मी स्वतः लिहिला. स्टाइलशीट बंद करून लावा, असं वर लाल अक्षरांत टाकलं. दोनदा फोन केला. दोन्ही वेळा "हो, हो" म्हणाले.

पुढच्या रविवारी खुलासा आला: "गेल्या अंकातील परीक्षणात 'बेकर' या शब्दाऐवजी सर्वत्र 'बेकर' असे छापले गेले. यात समीक्षकांची चूक नाही."

बुधवारी पुढचं जर्मन पुस्तक पाकिटातून परत आलं. आत चिठ्ठी नव्हती. पाठवणाऱ्याच्या जागी लिहिलं होतं: बेकर, चोपडे.