मोहरीएवढा गोळा

माझी आत्या विज्ञान संग्रहालयात प्रतिकृती बनवते. मुंगीचं पोट, ज्वालामुखीचं तोंड, माणसाचा कान, सगळं तिच्या हातून गेलंय. घरात तिचं नाव 'काबाई', कारण 'का?' विचारल्याशिवाय ती जागची हलत नाही. दातांचे डॉक्टर तिला भूल देतात ती तिच्यासाठी की स्वतःच्या सुटकेसाठी, याबद्दल मला शंका आहे.

मागच्या वर्षी संग्रहालयात स्फोटांचं दालन काढायचं ठरलं. ज्याची जेवढी ताकद, त्या प्रमाणात तेवढे मोठे असे तीन गोळे हवे होते: एक खाणीतल्या सुरुंगाचा, एक अणुबॉम्बचा, एक हायड्रोजन बॉम्बचा. आत्याने ते काम मागून घेतलं. माझे वडील, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, दगडाच्या खाणीत सुरुंग लावायचे. एक सुरुंग वेळेआधी उडाला. मी तेव्हा रांगत होते. सुरुंगाच्या दारूच्या चार किलोच्या त्या पुडक्यात असं होतं तरी काय, हा प्रश्न आत्याच्या डोक्यात तेव्हापासून ठाण मांडून बसलाय. पहिला गोळा तिला त्या चार किलोंचाच करायचा होता, आणि तो दालनात राहायला हवा होता. बाकीचे दोन राहिले काय, न राहिले काय, तिला सारखंच.

मग तिने संग्रहालयातल्या भौतिकशास्त्राच्या बाईंचा पिच्छा पुरवला.

"सुरुंगात अणू तसेच राहतात," बाईंनी सांगितलं. "फक्त एकमेकांचे हात सोडतात आणि दुसऱ्यांचे धरतात. हे इतक्या झटक्यात होतं, की वायू आणि उष्णता एकदम उसळते."

"म्हणजे मोडत काहीच नाही?"

"अणू नाही मोडत."

"आमचा माणूस मोडला की हो!" आत्या म्हणाली. बाई बिचाऱ्या ओशाळल्या. पण आत्या भांडत नव्हती, तिला खरंच कळत नव्हतं.

"अणुबॉम्बमध्ये अणूचा गाभाच फुटतो," बाई पुढे म्हणाल्या. "त्यातून उडालेले कण शेजारचे गाभे फोडतात, त्यांतले पुढचे. नंतर सगळे तुकडे तोलता आले असते, तर वजन जरासं कमी भरलं असतं."

"गेलं कुठं?"

"त्याचीच तर ऊर्जा झाली."

"आणि तिसऱ्यात?"

"तिथं उलटा कारभार. हलके गाभे एकमेकांत मिसळवायचे. ते सुखासुखी जवळ येत नाहीत. इतकी उष्णता लागते, की ती द्यायला आधी एक अणुबॉम्बच फोडावा लागतो."

"काडेपेटी म्हणून?"

"तसंच समजा."

आत्याने तोंडात बोट घातलं. मग हळूच विचारलं, "धुरळा बसला की आत जाता येतं ना? आम्ही त्याला दुपारीच घरी आणला होता."

"सुरुंगाच्या वेळी येतं. इथं तो धुरळाच किरणोत्सर्गी, म्हणून घातक असतो."

"म्हणजे आपला माणूस शोधायलाही जायचं नाही?"

"लगेच तरी नाही," बाई म्हणाल्या. त्या रात्री आत्या नीट जेवली नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती मापांच्या मागे लागली. चार किलोंचा गोळा मोहरीएवढा धरला. त्याच हिशेबाने पंधरा हजार टन दारूच्या ताकदीचा अणुबॉम्ब चांगल्या भोपळ्याएवढा झाला. कोटभर टनांचा हायड्रोजन बॉम्ब मात्र उभ्या माणसाच्या डोक्यावरून वर गेला. तो तिने कार्यशाळेत लाकडी पट्ट्या आणि कापड लावून मन लावून बांधला, आणि मग तो दारातून बाहेर निघेना! सगळं मोजलं होतं, दार तेवढं राहिलं होतं. सुताराने चौकट काढताना तिला जे ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही.

मोहरीचंही सुखाने पार पडलं नाही. पांढऱ्या टेबलावर ती चिकटवली, तर सफाईवाल्या मावशींनी सकाळी पुसून टाकली. आत्याने दुसरी केली, तीही गेली. तिसरी मावशींना हाताला धरून दाखवली, तेव्हा कुठे ती टिकली.

उद्‌घाटनाच्या आदल्या दिवशी संचालक बघायला आले. मोठ्या गोळ्याभोवती फिरले, खूश झाले. मग मोहरीच्या टेबलावर हात टेकून म्हणाले, "हे काढून टाका. काही दिसतच नाही. लोकांना वाटेल, टेबल रिकामं राहिलं."

"माप बरोबर आहे," आत्या म्हणाली.

"असेल हो. पण एवढ्याशाने कुणाचं काय होणार?"

माझा संताप झाला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आत्याच बोलली. रोजच्यासारखी, मापं सांगावीत तशी.

"माझा भाऊ गेला. ही त्याची मुलगी."

संचालकांनी माझ्याकडे पाहिलं, मग मोहरीकडे. मग त्यांची मान सावकाश वळली आणि छतापर्यंत गेलेल्या त्या गोळ्यावर थांबली. टेबलावरचा हात त्यांनी जपून उचलून घेतला.

"त्या गोळ्यात अशा मोहऱ्या किती बसतील?" त्यांनी विचारलं.

आत्याकडे कुठल्याही मापाचं उत्तर तयार असतं.

"करायला बसले होते हिशेब," ती म्हणाली. "एकाच्या पुढे मला जाताच आलं नाही."