वहीबाईंची लेक

एका टीव्ही वाहिनीच्या इमारतीत, तळमजल्यावर जिन्याखालच्या खोलीत, दोन फोन आणि एक जाड वही घेऊन त्या बसायच्या. सगळी कचेरी त्यांना वहीबाई म्हणायची. प्रेक्षकांनी फोनवर जे मत सांगितलं ते लिहायचं आणि सोमवारच्या बैठकीत वर न्यायचं, एवढंच काम. एवढंच म्हणे! एक दिवस करून बघा. टीव्हीतल्या माणसांवरचा राग लोक फोन उचलणाऱ्यावरच काढतात. बाईंनी तो बावीस वर्षं झेलला. "हो ताई, लिहिलं. हो काका, तेही लिहिलं." आणि खरोखरच लिहायच्या, शब्दाला शब्द, शिवी असली तर शिवीसकट.

वाहिनीची सगळ्यांत लाडकी मालिका होती आठ माणसांच्या एका घराची. पोट धरून हसवायची, मधेच डोळ्यांत पाणी आणायची. तिचा सगळा जीव थोरल्या सुनेत. सून फटकळ. सासऱ्यांनी एक म्हणावं, तिनं दोन ऐकवावीत, आणि तरी तिच्यावाचून त्या घरात पान हलू नये.

त्याच मालिकेचा एक भाग लिहायचं काम बाईंच्या लेकीला मिळालं. एकच भाग. जमला तर पुढचं काम, नाही तर घरी बसा. वर कुणालाही माहीत नव्हतं ही कुणाची मुलगी. बाईंनी तिला बजावलंच होतं, "माझं नाव काढायचं नाहीस. उद्या वशिल्याची म्हणतील." पोरीनं दोन महिने घासून तो भाग लिहिला.

त्या भागात गॅसवरचं दूध उतू जातं आणि थोरली सून हात जोडून सासऱ्यांची माफी मागते. झालं. भाग लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नवाच्या ठोक्याला दोन्ही फोन सुरू.

"आमच्या सूनबाईंना ताप होता का हो काल?"

"दुधासाठी माफी? उद्या श्वास घेतला म्हणून मागेल."

एक आजोबा म्हणाले, "मला तर बरं वाटलं, एकदाची गप्प बसली." त्यांच्या हातातून आजींनी फोन हिसकावला आणि पुढची दहा मिनिटं आजोबांचं आणि मालिकेचं उणंदुणं एकदमच काढलं. बाईंनी दोघांचीही मतं वेगवेगळी लिहिली. एरवी त्या खुदकन हसल्या असत्या. आज हसू फुटेना, कारण ओळीमागून ओळ पोरीच्या विरुद्ध चालली होती, आणि ती त्यांच्याच हातानं.

दुपारी एका निवृत्त नर्सबाईंचा फोन आला. आवाज शांत, म्हणून जास्त लागणारा. "लिहा. ज्या मुलीनं हे लिहिलंय, तिच्या आईनं जन्मभर होला हो केलेलं असणार. घरात दुसरं काही ऐकलंच नसेल तर पोर लिहिणार तरी काय?"

बाईंचं पेन थांबलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. एक ओळ गाळली असती तर कुणाला कळणार होतं? आणि लागलंही किती! नवरा गेल्यावर एकटीनं पोर वाढवली, ती काय होला हो करून?

"लिहिलंत ना?" नर्सबाईंनी विचारलं.

"लिहितेय, ताई," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी ते अख्खं लिहून काढलं.

सोमवारी त्या नेहमीसारख्या वही देऊन दाराशी उभ्या राहिल्या. अक्षर लागलं नाही तर सांगायला त्यांना थांबावंच लागे. लेक टेबलाच्या पार टोकाला बसली होती, चेहरा उतरलेला. वाहिनीचे मोठे साहेब मोठ्यानं एकेक मत वाचत गेले. नर्सबाईंची ओळ वाचून थबकले, लेकीकडे बघितलं आणि वही मिटली. माणूस वाईट नव्हता.

"बाई, हे शेवटचं काढून टाका. पोरीच्या आईपर्यंत कशाला जायचं? उगाच लागेल तिला."

"नाही साहेब," बाई म्हणाल्या. "बावीस वर्षांत एक ओळ काढली नाही. आजही काढणार नाही. त्या नर्सबाई जे बोलल्या ते तसंच राहील."

साहेबांना नाही म्हणायची त्या खोलीत कुणाची प्राज्ञा नव्हती. सगळे खाली बघू लागले. तेवढ्यात टोकाची खुर्ची सरकली आणि लेक उभी राहिली.

"राहू द्या ती ओळ," ती म्हणाली. "माफीचं त्यांचं खरं आहे. माझा पहिलाच भाग, मी घाबरून लिहिला आणि सुनेलाही घाबरवलं. पण माझ्या आईबद्दल त्या चुकल्यात. तुम्हाला आत्ता नाही म्हणाली ना, ती माझी आई."

साहेबांनी वही पुन्हा उघडली, ती ओळ मनातल्या मनात वाचली, मग दाराशी उभ्या बाईंकडे बघितलं.

"बसा, बाई," ते म्हणाले आणि स्वतः उठून त्यांनी खुर्ची ओढून दिली. मग लेकीकडे वळले. "पुढचे चार भाग तू लिही. आणि सुनेच्या तोंडी काय घालायचं ते मला विचारू नकोस, घरी ऐक."

बाई खुर्चीत ताठ बसल्या. डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी पुसले नाहीत. बघू दे की सगळ्यांना, लेक त्यांची होती.