जवायाचा जिम्मी अन् माहे मांडे

सांगू का नोको, असं होते मले दरवेळी. सांगतलं का तुम्ही पोट धरून हासता, अन् मले मात्र अजूनही त्या दुपारची याद आली का तळहाताले घाम सुटते. पण चहा ठेवलाच हाय तर ऐका. ज्या हातच्या मांड्याचं नाव चार गावात होतं, त्याच हातानं मी घरच्या जवायाची काय गत केली ते ऐका.

आमचं गाव कारंज्याच्या अलीकडं, नागपूरच्या सडकेले लागून. तवा घराघरात टीव्ही नोयते, कोणाच्या घरी काय झालं हेच पाहाले लोक येत. कुसुम म्हणजे माही नणंद. तिचा नवरा नागपूरले नोकरीवर. जवाईबापू माणूस मोठा गोड, पण त्यायचा अर्धा जीव कुसुमवर अन् अर्धा कुत्र्यावर. जिम्मी त्याचं नाव. पिवळट अंग, लंबे पाय, अन् अंगात वारं भरल्यावानी. एका जागी बसला असा मी तर कधी पाह्यला नाई.

त्या साली बापूले ट्रेनिंगले दूर जा लागलं. कुसुमही संग गेली. तिथल्या क्वार्टरमंदी कुत्रा चालत नोयता, म्हणून जिम्मीले आमच्या घरी सोडलं.

आता तुम्हीच सांगा, जवायाचा कुत्रा म्हणजे काय साधी गोष्ट हाय? जवाई घरी आला तर आपण पाटाभवती रांगोळी काढतो. त्याच्या कुत्र्याले काय हाड म्हणता? आत्याबाई म्हणजे माह्या सासूबाई. त्यायनं पहिल्याच दिवशी साऱ्या घराले बजावलं, का कुत्रा जसा आला तसाच परत गेला पाह्यजे, त्याच्या अंगावर एक ओरखडा दिसला तर कुसुमले जलमभर ऐकून घ्या लागन. मंग माह्याकडं वळून म्हणाल्या, "तूच सांभाळजो वं याले. बाकी कोणाचा भरोसा नाई."

झालं. तवापासून मी त्या कुत्र्याले अरेतुरे केलं नाई. जिम्मीजी या, जिम्मीजी बसा, जिम्मीजी जेवता काय. आमचे हे ऐकत अन् म्हणत, "मले कधी इतकं गोड बोलली नाई तू."

जाच्या दिवशी बापूनं पिशवीतून एक वस्तू काढली. लाल, गोल, ताटलीसारखी, काठ आत वळलेले. कोण्या साहेबानं त्यायले बाहेरदेशाहून आणून देल्ली होती. म्हणाले, वहिनी, हे उडती थाळी. सांजच्याले रोज फेकून खेळवा लागते, नाई पळवलं तर हा घरातल्या चपला-उशा फाडते. अन् मनगट वाकवून त्यायनं ती अशी सोडली का थाळी अंगणावरून तरंगत गेली, अन् जिम्मी माणसाच्या डोक्याइतका वर उसळला. हवेतच दातानं धरली. टप्प असा आवाज आला, तो मले माह्याच दाढंत लागला.

मंग बापू समजावत बसले. लय उंच फेकू नका, उडी चुकली तर पाय मुरगळते. दगडाधोंड्यात नोको, मऊ जागी खेळवा. उन्हात नोको. खेळणं झालं का आंधी दम खाऊ द्या, मंग थोडं थोडं पाणी. अन् सडकेच्या बाजूनं तर मुळीच नोको, थाळीमागं पळताना याले ट्रक दिसत नाई.

तो माणूस भल्यासाठीच सांगून राह्यला होता. पण माह्या डोक्यात एकेक गोष्ट खिळ्यासारखी बसत गेली. पाय मुरगळते. ट्रक दिसत नाई. अन् दात? एवढी थाळी दातावर आदळते, तर दाताचं काय? दाताचं बापूनं काईच सांगतलं नाई. म्हणजे ते आपल्यालेच पाहा लागन.

त्यायची गाडी गेली अन् मी ती लाल बला चिमट्यानं उचलली, फडक्यात गुंडाळली अन् कोठीतल्या पेटीत ठेवून कुलूप घातलं. चिमट्यानं काऊन? अहो, कुत्र्याच्या तोंडातली वस्तू, अन् मी सैपाकाची बाई. हात कसा लावू?

पण जिम्मीजीले कोण समजावन? आंधी ह्यायची चप्पल गेली, मंग आत्याबाईची उशी गेली. साऱ्या घरात कापूस. खेळवा तर लागनच होतं, पण फेकू काय? झाकणी फेकली तर ओठ फाटन. भाकर उडत नाई, दगडासारखी खाली येते. सुपलीची काडी डोळ्यात जाईन. विचार करता करता पीठ तिंबून राह्यली होती, अन् तवाच मले सुचलं.

मांडे होताना तुम्ही पाह्यले का? मांडा लाटत नाईत. कणकेले पाणी लावून लावून ती रबरासारखी होईपर्यंत तिंबा लागते. मंग गोळा दोन्ही हातावर झेलत झेलत वाढवत नेता नेता कोपरापर्यंत येते, अन् मनगटाचा एक झटका देऊन तो चुलीवरच्या तापल्या खापरावर सोडा लागते. खापर म्हणजे उपडं ठेवलेलं मडकं. त्यावर तो पडला पाह्यजे असा पसरून का एक सुरकुती नाई. तोच झटका, जो बापूनं थाळीले देल्ला होता.

मंग काय, रोज सांजच्याले आत्याबाई मंदिरात गेल्या का मी बिनपुरणाचे लहान लहान मांडे भाजाची, गार कराची, अन् पदराखाली घेऊन घरामागच्या सांदवाडीत जाची. तिथं कुटाराचा, म्हणजे बैलाच्या भुशाचा, मऊ ढीग होता. सडकेकडं पाठ, ऊन उतरलेलं, मांडा कंबरेच्या वर जाऊ द्याचा नाई. बापूचे सारे नियम पाळले, अन् दाताचा माहा स्वतःचा नियम वरून. मऊसूत मांडा तरंगत जाये अन् जिम्मीजी अलगद झेलत. अन् झेलला का खाऊन टाकत. थाळीपेक्षा हे त्यायले लयच पटलं.

एवढीच गोष्ट, का घरातले पोट्टे ज्वारीची भाकर खात अन् कुत्रा गव्हाचे मांडे. हे आत्याबाईले कोणत्या तोंडानं सांगू? नाई सांगतलं.

मंग धोंड्याचा महिना आला. लेक-जवायाले बोलावून पुरणाचं खाऊ घालाचा महिना. ट्रेनिंग सरलं होतं, बापू अन् कुसुम जेवाले आले, जाताना जिम्मीले घेऊन जाणार होते. आल्या आल्या बापूनं त्याले बैलबाजारात पाहावं तसं पाह्यलं. पाय दाबले, पाठ चाचपली, ओठ वर करून दात पाह्यले. मंग म्हणाले, "वहिनी, मानलं बा तुमाले. भरला की हा."

माहा जीव भांड्यात पडला. पण तो तिथं जास्त टायम राह्यला नाई.

बापूले मांडे होताना पाहाचे होते म्हणून अंगणातच चूल मांडली. ते समोर बाजेवर बसले, पांढरा झब्बा, कडक इस्तरी, डोळ्याले चष्मा. जिम्मीले मी सकाळीच गोठ्यात बांधून टाकलं होतं, पण बापूनं सोडून आणलं. त्याले बाजेखाली बसवलं. मी पुरण भरलेला गोळा हातावर घेतला, पहिला झोका देल्ला, अन् जिम्मीजी बाजेखालून उठले.

पुढचे पाय टेकले. मागचं अंग वर. शेपूट थांबलं. डोळे माह्या मनगटावर.

महिनाभर मीच शिकवलं होतं न. ही त्यायची झेलाची तयारी. पण सांदवाडीत मधात कुटार असे, अन् इथं मधात चूल. जाळ खापराच्या दोन्ही बाजूनं निघून राह्यला होता. मी मांडा खापरावर सोडला का हा खापरावर उडी घेणार. मले तर तो भाजलेलाच दिसाले लागला. पोट भाजलेलं, मिशा जळलेल्या, अन् बापू त्याले झब्ब्यात गुंडाळून सडकेवर ट्रक थांबवून राह्यले.

गोळा परत परातीत ठेवला. म्हणलं, पीठ मुरलं नाई अजून. आत्याबाई म्हणाल्या, पहाटपासून तर मुरून राह्यलं. म्हणलं, खापर तापलं नाई. त्यायनं पाण्याचा शिंतोडा मारला, चर्रर्र झालं. मंग मी हळूच म्हणलं, जिम्मीले बांधा जरा, केस उडतात पुरणात. तर बापूचा चेहरा बदलला. "वहिनी, इतके दिवस हा बांधूनच होता काय?"

आता याले काय उत्तर देता? हो म्हणलं तरी मेली, नाई म्हणलं तर सोडलेल्या कुत्र्यानं काय खाल्लं ते सांगा लागन. म्हणलं, नाई जी, मोकळाच होता. अन् पुन्हा गोळा उचलला. जिम्मीजी पुन्हा वाकले. गोळा पुन्हा परातीत.

आत्याबाईले वाटलं, माह्या हाताले कोणाची नजर लागली. त्यायनं मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. सारं अंगण खोकाले लागलं. मी नाकाले पदर लावून आशेनं पाह्यलं, खोकून तरी कुत्रा बाहेर जाईन. नाई गेला. एक शिंक देल्ली अन् परत मनगट पाहाले लागला. ह्यायनं सुचवलं, मांडे होत नसन तर भाकरी टाक. आत्याबाईनं अशी नजर टाकली का हे उठून बैलाले पाणी दाखवाले गेले. घरी धोंड्याचा जवाई अन् ताटात भाकर, गावानं तोंडात शेण घातलं असतं.

अन् मंग जे व्हाले नोको होतं तेच झालं. बापू बाजेवरून पाय खाली सोडून सावकाश म्हणाले, "राहू द्या वहिनी. तुमाले जिवावर येत असन तर आम्ही कारंज्याले ढाब्यावर जेवून घेऊ."

जवाई रुसला. कुसुमच्या डोळ्यात टचकन पाणी. आत्याबाईनं परात माह्यापुढं सरकवली.

आता रस्ताच नोयता. गोळा उचलला. मनात म्हणलं, कुत्र्याकडं पाठ करतो, मधात मीच उभी राहतो, भाजलं तर मले भाजन. मी फिरली, तर तो चुलीले वळसा घालून समोर. मी इकडं फिरली, तो तिकडं. मांडा कोपरापर्यंत आलेला, आता थांबवता येत नाई, थांबवला तर फाटते. बापू म्हणाले, वहिनी चुलीभवती फेर काऊन धरून राह्यल्या? तेवढ्यात जिम्मीजीनं दोन पावलं मागं घेतली, धावाले जागा केली, अन् निघाले सरळ जाळाकडं.

माहं मनगट मले न विचारता वळलं. खापर राह्यलं एकीकडं, मांडा सुटला दुसरीकडं. काय सुंदर गेला म्हणून सांगू. आयुष्यात इतका गोल, इतका पातळ मांडा माह्या हातून झाला नाई. तरंगत तरंगत बाजेवर गेला अन् बापूच्या कपाळावर उतरला. चष्मा झाकला, मिशा झाकल्या, अन् कडक इस्तरीवर पुरण हळूहळू ओघळलं. जिम्मीजीनं आगीजवळूनच गर्रकन वळण घेतलं, बापूच्या मांडीवर उडी घेतली अन् हनुवटीकडून मांडा खाले सुरुवात केली.

मी धावली. पण कोणाकडं? कुत्र्याकडं. त्याले ओढून घेतलं, पोट पाह्यलं, पंजे पाह्यले, मिशा मोजल्यासारख्या पाह्यल्या. रडत रडत म्हणत होती, "लागलं तर नाई न जी तुमाले? भाजलं काय कुठं?" अन् बापू चाचपडत उठून राह्यले होते, तर त्यायच्या खांद्यावर हात दाबून म्हणलं, "बस खाली. हलू नोको."

बापू बसले.

मंग मले माह्याच कानानं माहं बोलणं ऐकू आलं, अन् वाटलं, चुलीतच जागा करून बसावं. सारं सांगून टाकलं. चिमटा, पेटी, कुटाराचा ढीग, गव्हाचे मांडे. म्हणलं, बापू, दाताच्या भेवानं केलं जी. ती थाळी दातावर लागते तवा माह्या काळजाचं पाणी होते.

बापूनं चष्मा काढला, झब्ब्याच्या कोरड्या कोपऱ्यानं पुसला. पेटीची किल्ली मागतली. फडकं सोडून थाळी बाहेर काढली, अन् माह्यासमोर ती पोळीसारखी दुमडली. मधातून दोन घड्या. सोडली तर पुन्हा गोल.

"रबरी हाय वहिनी," ते म्हणाले. "दाताले लागू नये म्हणूनच अशी मागवली होती. कधी हात नाई लावून पाह्यला?"

हात! साऱ्या गावाच्या पिठात हात घालणारी मी, अन् त्या थाळीले चिमटा लावला.

बापू हासले तवा कुठं सारे हासले. म्हणाले, जाऊ द्या, झालं ते झालं, चला जिम्मी. अन् लाल थाळी अंगणावरून अलगद सोडली. ती तरंगत गेली, जिम्मीनं मान वळवून ती जाताना पाह्यली, जसं आपण कावळा जाताना पाहतो. पुन्हा फेकली. उठला नाई. कुसुमनं फेकली, ह्यायनं फेकली. काई नाई. मंग जिम्मीजी उठले, सावकाश माह्यासमोर येऊन बसले, पुढचे पाय टेकले, अन् मनगटाकडं पाहाले लागले.

बापू माह्याकडं पाहून राह्यले. कुसुमही पाहून राह्यली, तिले तर साधी पोळी गोल येत नाई. मी आत्याबाईकडं पाह्यलं.

आत्याबाई म्हणाल्या, "माह्याकडं काय पाहतं वं? भिजव आंधी त्याचं पीठ. जवाईबापू थांबतीन."