नकलेचं तिसरं पान

हे मी बायकोलाही सांगितलं नाही. ती गेली, तरी नाही. तुम्हाला का सांगतोय — विचारू नका, मलाही नीट ठाऊक नाही.

एकाहत्तरच्या लढाईचे दिवस. जबलपूरच्या एका छोट्या हिंदी साप्ताहिकात मी बातम्या लिहायचो. कारखान्यांच्या तिन्ही पाळ्या चालू, खिडक्यांना काळे कागद, आणि जो तो हेर शोधत होता. मदन महलला आमच्या गल्लीत वामनराव राहायचे — दारूगोळ्याच्या कारखान्यात स्टोअरकीपर. साधा माणूस. गल्लीच्या गणपतीत आरतीचं तबक त्यांच्याच हाती असायचं. लढाईच्या काही महिने आधी गेटवरच्या झडतीत त्यांचा जेवणाचा डबा कारखान्याच्या एका नकाशाच्या कागदात गुंडाळलेला सापडला. खटला झाला. कागद जुना, बाद झालेला, रद्दीतला निघाला. अदालतीनं त्यांना सोडलं.

निकालाची नक्कल घेऊन ते माझ्याकडे आले. तीन पानं.

"छापून दे न बाबू. लोकं काहीच्या बाही बोलून राहिले. तू आपला माणूस, म्हणून आलो."

"चलो, होऊन जाईल काका," मी म्हणालो.

पहिल्या दोन पानांत आरोप होते, तिसऱ्यावर सुटका. मी — कसं सांगू? — मी दोनच पानं छापली. एक मात्रा न बदलता. वर मथळा तेवढा माझा. मला तसं कुणी सांगितलं होतं का? नाही. संपादकांनीही नाही. पण सुटलेल्या माणसाची बातमी त्या दिवसांत कोण वाचणार होतं? पकडलेल्याची मात्र — अंक दुपारपर्यंत संपला. चौकात लोक माझं नाव घेत होते. मला ते आवडलं. हो, आवडलं.

वामनरावांच्या दारावर कुणीतरी 'गद्दार' लिहिलं. काकूंनी घासून काढलं. पुन्हा लिहिलं गेलं. पुढच्या गणपतीत तबक दुसऱ्याच्या हाती होतं.

त्यांनी बदनामीची फिर्याद केली. आमचे वकील निवांत होते. "कागज़ तो अदालत का है," ते म्हणाले. अदालतीत जे झालं ते खरं खरं छापलं, तर बदनामी होत नाही. प्रश्न एकच होता — अर्धंच का छापलं? "आपको नकल पूरी मिली थी क्या?" असं विचारताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, चष्मा पुसत राहिले.

मी म्हणालो, दोनच पानं होती.

तेच शपथेवर सांगितलं. "तीन दिली होती साहेब, माझ्या हातानं दिली," वामनराव म्हणाले. पण आपल्या माणसाकडून पावती कोण घेतं? मिळालं तेवढं जसंच्या तसं छापलं, हेतू वाईट दिसत नाही — असं ठरलं. मी सुटलो. तिसरं पान मी आधीच चुलीत घातलं होतं.

बरीच वर्षं गेली. एका सकाळी नर्मदेच्या ग्वारीघाटावर ते दिसले — डोकं भादरलेलं, काकूंचा दहावा उरकून पायरीवर एकटेच बसलेले. मी तोंड फिरवणार, तेवढ्यात त्यांनीच हाक मारली.

"बाबू, एक विचारू? ही मरेपर्यंत म्हणायची, तुम्हीच ते पान घरी विसरले असाल. मी भांडायचो तिच्याशी. आता वाटून राहिलं, तीच खरी होती. नव्हतंच न रे ते पान?"

राग नव्हता त्यांच्या बोलण्यात. खरंच विचारत होते. जवळपास कुणी नव्हतं. संपादक नाही, वकील नाही, शपथ नाही. नोकरीसुद्धा मी केव्हाच सोडली होती. मग कशाची भीती होती मला?

"नव्हतं, काका," मी म्हणालो.

"अच्छा," ते म्हणाले. सरकून पायरीवर माझ्यासाठी जागा केली. मग म्हणाले, "म्हणजे भर अदालतीत तुला उगाच खोटा म्हटलं मी. माफ कर बेटा." आणि त्यांनी हात जोडले.

ते जोडलेले हात मी माझ्या हातात घेतले. म्हणालो, "जाऊ द्या काका, झालं गेलं."

मी त्यांना माफ केलं.