पाच पितळी टिकल्यांची वहाण

म्हाळू चांभारासारखा खोटारडा माणूस आमच्या गावात दुसरा नव्हता. गाव चकलांब्याच्या पलीकडे, निजामाच्या राज्यात. खोटं बोलणाऱ्यांची टंचाई नव्हती, तरी पहिला मान म्हाळूचा. "परवा या, वहाण तयार हाय," म्हणायचा आणि त्या परव्याला दोन महिने लागायचे. बाया भांडायला आल्या की हा त्यांच्या पायांकडे बघत बसायचा. तोंडं त्याला ओळखूच येत नसत, असा माझा पक्का संशय आहे.

मात्र वहाण कधी केली हे विचारा, हा बिलकूल खरं सांगायचा. कुठलीही बायकी वहाण उलटी करून, वास घेऊन ती कुठल्या सालची ते ओळखायचा. अंगठ्यावर गोंडा असला तर मोठ्या दुष्काळाच्या आधीची. दुष्काळात ढोरं इतकी मेली की कातडं फुकट झालं, म्हणून त्या सालचे तळ तिपदरी. पुढं कातड्याच्या वादीऐवजी सुताचे टाके आले. एकदा त्यानं जालन्याच्या बाजारातून वीस पितळी टिकल्यांची पुडी आणली. त्या लगीनसराईत गावात दोन सुना आल्या. दोघींच्या जोडांतल्या एकेका वहाणेवर पाच-पाच टिकल्या ठोकून हा आठवडाभर जहागीरदारासारखा हिंडला. पुडी संपली, जहागिरी संपली.

पुढं सहा वर्षांनी, उन्हाळ्यात, आप्पाराव पाटलाच्या मळ्यातल्या विहिरीचा गाळ काढताना हाडं निघाली, कवटी निघाली आणि एक बायकी वहाण निघाली. पोलिसांचे अमीनसाहेब घोड्यावरून आले.

"दुष्काळात कुणी उपाशी बाई पडली असंल, साहेब," आप्पाराव म्हणाला. "वहाण बी तवाचीच दिसती."

दिसती म्हणाला, पण बघितली नव्हती. मेलेल्या बाईची वहाण हातात धरणं पाटलाच्या इभ्रतीत बसणारं नव्हतं. चार दिवस ती काठावर चिखलाच्या गोळ्यासारखी पडून होती. कुणी बोट लावलं नाही. साक्षीला त्यानं म्हाळूला बोलावलं. सुगीला आपल्याच खळ्यावर बलुतं मागायला येणारा माणूस, आपण म्हणू तेच साल सांगणार, हा हिशेब.

गर्दीत बायडाबाई उभी होती, लिंबागणेशची. तिची थोरली मुक्ता आप्पारावाच्या मुलाला दिलेली. दोन वर्षं निरोप यायचे, सून खुशाल हाय, कामामुळं धाडता येत न्हाई. मग एक दिवस निरोप आला की पोरगी बांगडीवाल्यासंगं पळाली. तेव्हापासून भावकीनं बायडाबाईच्या घरचं पाणी सोडलं होतं आणि धाकटीला कुणी मागणी घालत नव्हतं. हाडं निघाल्याचं कानावर आलं तशी ती पायी निघाली होती.

म्हाळूनं वहाण बादलीत धुतली.

"सांग बे म्हाळ्या साहेबाला," आप्पाराव म्हणाला. "दुष्काळातली हाय ना?"

"मालक, तुमी म्हणाल तर ढगातून पडली म्हणतो. पन दुष्काळातली न्हाई."

"कावून बे?"

"तळ दुपदरी हाय. टाके सुताचे. अन ह्या बघा." त्यानं अंगठ्यानं पट्टा पुसला. पाच टिकल्या. "असे दोनच जोड केलते म्या. एक बद्रीनाथ वाण्याच्या सुनंला, ती काय तिथं हुबी हाय. दुसरा तुमच्या घरात दिलता. मुक्ताबाईला."

अमीनसाहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "सोच के बोल."

"सोचूनच बोलतो, साहेब. माझ्याच हातचं हाय."

बायडाबाई पुढं आली. ती रडत नव्हती. "दादा, किती दिस वापरली तिनं?"

म्हाळूनं टाचेवरून बोट फिरवलं. "टाच झिजलीच न्हाई, बाई. लई झालं तर चार महिने."

"लगीन वैशाखातलं. म्हंजी पहिली दिवाळी बी..."

"न्हाई."

ती आप्पारावाकडं वळली. "मग दोन दिवाळ्या करंज्या मी कुणाला धाडल्या, पाटील? कुणी खाल्ल्या?"

आप्पारावानं गड्याला साहेबांचा घोडा घराकडं न्यायला सांगितलं.

अमीनसाहेब त्या दिवशी पाटलाच्या ओसरीवर जेवले. कागदावर मुक्ताचं नाव लिहिलं आणि पुढं लिहिलं, पाय घसरून पडली. सुगीला म्हाळू खळ्यावर गेला तर गड्यानं त्याची झोळी काट्यांत फेकली. पाटलाच्या धाकानं गावातल्या बाया अनवाणी फिरल्या, पण त्याच्या दारात गेल्या नाहीत. पाडव्याच्या आत तो बायको आणि हत्यारं घेऊन दिंद्रुडकडं गेला. तिथं आधीच दोन चांभार होते.

बायडाबाईनं कागदाची नक्कल लिंबागणेशला नेली. उर्दू वाचणारा माणूस शोधला. त्यानं भावकीसमोर खड्या आवाजात वाचलं, पाय घसरून पडली. म्हातारे हळहळले, पोरगी पळाली नव्हती म्हणाले, आणि एकानं उठून तिच्या रांजणातलं पाणी प्यायलं. बायडाबाईनं पदराचा बोळा तोंडात धरला आणि करंज्यांची गोष्ट काढली नाही. धाकटीला बघायला सोमवारी पाहुणे यायचे होते.