तिसऱ्या मजल्यावरच्या चाव्या

गणपतीच्या चार दिवस आधी भांडुपमधली ही बिल्डिंग ओळखू येत नाही. जिन्यात पिशव्या, दोरीने बांधलेली खोकी, कुणाचं तरी ऐनवेळी हरवलेलं आधार कार्ड आणि जो भेटेल त्याच्या तोंडी "तुमची बस किती वाजता?" हा एकच प्रश्न. चौदा बिऱ्हाडांतली बारा कोकणातली, तेव्हा सणाला मुंबईत थांबणार कोण? या सगळ्या धांदलीत तिसऱ्या मजल्यावरच्या रत्नप्रभा घाडीच्या दाराची बेल मात्र थांबत नाही. येणाऱ्याच्या एका हातात घराची चावी असते, दुसऱ्या हातात पिंजरा नाहीतर मांजर, आणि तोंडावर असं हसू, की नाही म्हणणाऱ्यालाच लाज वाटावी.

सात वर्षं रत्नप्रभा नाही म्हणाली नव्हती.

सुबोधकडची माशांची टाकी म्हणजे दोन मजले खाली. सकाळ-संध्याकाळ चिमूटभर दाणे, आणि तिसऱ्या दिवशी बादलीने पाणी बदलणं. अनुपमाचे लव्हबर्ड्स दिसायला गोजिरवाणे, पण दाण्यांची फोलपटं अशी उडवतात, की हॉल झाडून कंबर धरावी. शेजारच्या श्रुतिकाची मांजर चिंगी, तिची किडनी नाजूक. तिला दिवसातून दोनदा सिरिंजने औषध पाजायचं, म्हणजे हातावर ओरखडे ठरलेलेच. शिवाय घरचा बोका होताच. तोही मुळात घरचा नव्हे. परेश नावाच्या भाडेकरूने सात वर्षांपूर्वी "काकी, दोन दिवसांत नेतो" म्हणून तो ठेवला आणि विरारला जो गेला तो गेलाच. रत्नप्रभाने रागाने बोक्याचंच नाव परेश ठेवलं. आता "परेश, ओट्यावरून उतर" असं ती ओरडली की नव्या माणसाला वाटतं, नवऱ्यालाच झापतेय.

नवऱ्याचं नाव दत्ताराम. मुलुंडच्या एका कंपनीतून फिटर म्हणून रिटायर झालेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात. प्राण्यांच्या कामातही तो मध्ये यायचा नाही. चावी मात्र हात पुढे करून तोच घ्यायचा.

रत्नप्रभाचं वय एकोणसाठ. गुडघ्यांचं वय विचाराल तर ऐंशीच्या पुढे असेल. याच गुडघ्यांवर एके काळी ती फुगडीला उभी राहिली, की समोर हात द्यायला पोरी कचरायच्या. सासरच्या गावात गणपतीपुढे पहाटेपर्यंत फुगड्या चालायच्या आणि गाणी सांगायची ती सखुआतेने. दत्तारामची ही चुलत आत्या. शाळेचं तोंड न पाहिलेली, पण दोनशेच्या वर गाणी तोंडपाठ. रत्नप्रभाला लिहून ठेवायचा नाद लागला तो तेव्हापासून. मोदक वळता वळता ऐकायचं आणि हात पुसून वहीत उतरवायचं. अशा तीन वह्या झाल्या होत्या. दुपारी सगळं आवरलं, की ती चष्मा लावून वह्या काढायची, गाणी पुन्हा सुवाच्य अक्षरात लिहायची, कडेला पेन्सिलीने वेलबुट्टी काढायची. तिच्या आयुष्यात स्वतःसाठी केलेलं म्हणाल तर एवढंच.

तिसऱ्या वहीत एक गाणं मात्र अर्धवट होतं. एक म्हैस विहिरीत पडते आणि घराघरातली माणसं येऊन फुकटचे सल्ले देतात, असं ते लांबलचक, चावट गाणं. अकरा घरांपैकी चार घरांचे सल्ले वहीत होते. पुढच्या घरांसाठी तिने पानं कोरी सोडली होती. पुढच्या गणपतीला उरलेलं घेऊ, असं ठरलं होतं. त्यानंतर ती गावी गेलीच नाही.

पहिल्या वर्षी दत्तारामला रजा मिळाली नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा नाही मिळाली. तोवर चाव्या यायला लागल्या होत्या, आणि लोकांनी विश्वासाने टाकलेला जीव सोडून जायचं तरी कसं? ती थांबत गेली. सणाच्या दिवशी अख्खी बिल्डिंग चिडीचूप, आणि ही बादली घेऊन जिना उतरतेय. या वर्षी जूनमध्ये जावेचा फोन आला तेव्हा बोलता बोलता ती म्हणाली, सखुआतेचा आवाज आता पार खोल गेलाय, गाणं सांगताना मध्येच थांबते. रत्नप्रभाने फोन ठेवला आणि कोरी पानं मोजली. या वर्षी गेलं नाही तर ती कोरीच राहणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

आठवडाभर तिने मनातल्या मनात भांडणाची तयारी केली. कोण काय म्हणेल आणि आपण काय उत्तर द्यायचं, सगळं जुळवून ठेवलं. बेल वाजली. दारात श्रुतिका, कडेवर चिंगी.

"श्रुतिका, यंदा मी गावी जाते आहे," रत्नप्रभा एका दमात म्हणाली. "मला नाही जमायचं बघ."

आता तोंड पडेल, या अपेक्षेने ती उभी राहिली. श्रुतिकाने मांजर खाली सोडली आणि तिला मिठीच मारली.

"काकी, खरंच? झकास! अगं, आमच्याच बसला सीट बघते ना!"

"आणि चिंगी?"

"तिला काय झालंय? मुलुंडला एकजण मांजरं ठेवून घेतात, औषध पण देतात. थांब, फोनच करते."

चार मिनिटं. रत्नप्रभाने समोरचं घड्याळ पाहिलं होतं. चिंगीचं ठरलं. संध्याकाळपर्यंत सुबोधने माशांना आपोआप दाणे टाकणारं मशीन मागवलं, आणि अनुपमाची बहीण घाटकोपरहून येऊन लव्हबर्ड्स घेऊन गेली. कुणी रुसलं नाही, कुणी टोमणा मारला नाही. सात वर्षं जिच्या खांद्यावर बिल्डिंग उभी होती असं तिला वाटत होतं, ती बाजूला झाली तर बिल्डिंगला साधा हादरासुद्धा बसला नाही.

"मग इतकी वर्षं माझ्याकडे का ठेवत होतात गं?" तिने श्रुतिकाला विचारलं.

श्रुतिका गडबडली. "काकी, राग नको मानू हां. काकाच म्हणाले होते आम्हाला. सणाला ती एकटी पडते, घरात काहीतरी हलतं-बोलतं असलं की बरं वाटतं तिला. आणि गावाचा विषय तिच्यापुढे काढू नका म्हणाले. आम्हाला वाटलं, तुमचं काहीतरी कोर्टबिर्ट चालू असेल."

रत्नप्रभा घरात आली आणि गावी जावेला फोन लावला. येतेय म्हणून सांगायलाच हवं होतं.

"येतलंस? खरां?" जाऊ ओरडलीच. "आणि तुझी ती जनावरां?"

"कसली जनावरं, वहिनी?"

"अगो, भावजी दरवर्सा सांगतत मां! तिका जनावरांचो लळो, ती सोडून येवची नाय. आमका वाटलां, तुका आमीच नको झालों."

"सखुआते कशी आहे?"

"आसा. आदी रोज इचारी, रत्ना इली काय, रत्ना इली काय. आता दोन वर्सां झाली, इचारणा नाय."

तिने फोन ठेवला. राग यायलाही अंगात ताकद लागते. तिला फक्त थकवा आला, सात वर्षांचा, सगळा एकदम.

दत्ताराम स्वयंपाकघरात गवार मोडत बसला होता. तिने समोर पाट ओढला.

"तिकडे सांगितलंत मला यायचं नाही. इकडे सांगितलंत मला करमत नाही. रजा तरी खरंच नव्हती का हो?"

गवारीची शेंग त्याच्या हातात तशीच राहिली. ती ताटात टाकून तो म्हणाला, "रजा होती."

मग तुकड्या-तुकड्याने बाहेर आलं. आई गेल्यानंतरच्या पहिल्या गणपतीत दत्तारामने आरतीचं ताट उचललं होतं. थोरल्या भावाने ते भरल्या घरासमोर त्याच्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाला, वर्षातून एकदा येणाऱ्याने पाहुण्यासारखं बसावं. रत्नप्रभा तेव्हा मागे चुलीपाशी होती, तिला यातलं काहीच कळलं नव्हतं.

"मला सांगायचं होतंत," ती म्हणाली. "मी तुमच्यावर जबरदस्ती केली नसती. मी एकटी गेले असते."

"म्हणूनच नाही सांगितलं."

तो खाली मान घालून बोलला. त्याचा चेहरा इतका केविलवाणा झाला होता, की तिला त्याची कीव आली. कीव आली म्हणून स्वतःची चीडही आली. माणूस दुष्ट असता तर सोपं झालं असतं. हा नुसता भित्रा होता, आणि त्याच्या भित्रेपणाचं पाणी सात वर्षं ती बादलीने उपसत होती.

"माझी एकच सीट काढली आहे," ती उठता उठता म्हणाली. "परेशला सकाळी भात आणि सुकट. गरम नको."

निघायच्या दिवशी दत्तारामने तिची बॅग खालपर्यंत आणली. बस भांडुप स्टेशनच्या बाहेर लागली होती. बॅग डिकीत टाकून तो फुटपाथवर उभा राहिला. शेवटी म्हणाला, "दादाने विचारलं तर काय सांगशील?"

"दादांना तुम्ही फोन करा," ती म्हणाली आणि वर चढली.

बस भरलेली होती. अर्धी बिल्डिंगच आत होती. तिला बघून टाळ्याबिळ्या झाल्या, कुणीतरी खिडकीची जागा दिली. वह्यांची पिशवी तिने मांडीवर घेतली. गुडघे आताच ठणकत होते आणि अजून पनवेलही यायचं होतं. फुगडी काही आता व्हायची नाही, हे तिला ठाऊक होतं. बसून ऐकता येईल तेवढं ऐकायचं. आणि सखुआतेने ओळखलं नाही तर? त्याचा विचार ती करत नव्हती असं नाही.

पुढच्या सीटवरून श्रुतिकाच्या आईने मागे वळून विचारलं, "काय गो, दत्ताराम नाय इलो?"

बसमधली बोलणी जरा मंदावली. रत्नप्रभाच्या ओठांवर आयती कारणं आली. तब्येत, बोका, सोसायटीची मीटिंग. सात वर्षांत घरात कारणांचा साठाच झाला होता.

"त्यांना यायचं नव्हतं," ती म्हणाली. "मला यायचं होतं."