चार कांड्या

मानेतली गाठ कॅन्सरची निघाली तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. वाळूजच्या एका कंपनीत नोकरी होती, लग्न ठरायचं होतं. डॉक्टर म्हणाले, केमो सुरू करण्याआधी लॅबमध्ये जाऊन वीर्य गोठवून ठेवा, नंतर मूल होईलच याची खात्री देता येत नाही. मी बरं म्हणालो. त्या दिवसांत मी सगळ्यालाच बरं म्हणत होतो.

सोबत अण्णा होते, माझे वडील. पिशोरला ढोरांच्या दवाखान्यात त्यांची हयात गेली. माजावर आलेल्या गायी-म्हशींना कृत्रिम रेतन करणं हे त्यांचं रोजचं काम, पण घरात या विषयावर कधी चकार शब्द नाही. बाप बाहेर बाकावर बसलेला आणि आपण हातात डबी घेऊन आतल्या खोलीत, याची खरं तर मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटायला हवी होती. काहीच वाटलं नाही. दोन दिवस गेलो. नमुना फारसा चांगला नव्हता, दोन्ही मिळून चार कांड्या भरल्या. कांडी म्हणजे पेनातल्या रिफिलपेक्षाही बारीक नळी, द्रव नायट्रोजनच्या टाकीत गोठवून ठेवायची. अण्णांनी गुरांच्या तसल्या हजारो हाताळल्या होत्या.

"मॅडम, नायट्रोजन किती दिवसाला भरता?" त्यांनी लॅबच्या बाईंना विचारलं.

"आठवड्याला. आणि कमी झाला तर अलार्म वाजतो, काका."

"अलार्म राहू द्या. पट्टी टाकून बघता का?"

बाई हसल्या. मी भिंतीवरच्या गुटगुटीत बाळाच्या कॅलेंडरकडं बघत होतो.

केमो झाली, केस गेले, केस आले. आईनं पेढे वाटले. दोन वर्षांनी तपासणी केली तर शुक्राणू शून्य. रिपोर्ट घडी करून खिशात घातला आणि दुसऱ्या पाळीला कामावर गेलो. डब्यात मेथीची भाजी होती, ती सगळी खाल्ली.

एवढ्या काळात अण्णांनी एक महिना चुकवला नाही. पिशोरहून सकाळच्या एसटीनं यायचे, बाईंसाठी पिशवीत अद्रक आणायचे, आणि टाकीत पट्टी बुडवून दाखवा म्हणायचे. पट्टी वर काढली की जेवढी भिजली तेवढ्यावर पांढरा बर्फ धरतो. तो बघितला की त्यांचं काम झालं. मग बसस्टँडवर माझ्यासोबत चहा, आणि परतीची गाडी. काय बघितलं, हे मी कधी विचारलं नाही.

रिपोर्टनंतरच्या खेपेला मात्र बसस्टँडच्या बाकड्यावर चहा घेताना मी चिडलो. "अण्णा, हसतात लोक तिथं. अलार्म आहे ना?"

"ज्याचं जळतं त्याला कळतं," ते म्हणाले. मग बशीतला चहा फुंकला.

"नोकरीत नवा व्हतो. लग्नाला म्हणून रजेवर गेलो, तर इकडं नायट्रोजनचा डबा कोरडा पडला. आलो अन् कुणाला न सांगता परत भरून ठिवला. त्याच कांड्या वापरल्या. एक बी गाय गाभण राह्यली नाय. लोकांनी गायींनाच बोल लावला. एका म्हातारीनं तर रडत रडत आपली गाय सिल्लोडच्या बाजारात इकली. मी गप."

"तुम्हाला कळलं नाही, कांड्या खराब झाल्यात ते?"

"दिसतीत तशाच रं. मेल्या का जित्या, बघून नाय कळत."

कॅन्सर कळला तेव्हा मी घाबरलो नव्हतो. शून्य वाचूनही नाही. त्या बाकड्यावर, समोर चहा निवत असताना, मला भीती वाटली. त्या चार कांड्या मला हव्या होत्या.

"आज बघितलं का तुम्ही?" मी विचारलं.

अण्णांनी पिशवीतून दवाखान्यातली जुनी लाकडी पट्टी काढली. लॅबमध्ये ती कुणी वापरू देत नव्हतं, तरी दर खेपेला ते सोबत आणायचे. लॅबच्या पट्टीवर बर्फ जिथवर दिसायचा तिथं ते हिच्यावर पेन्सिलीनं रेघ मारायचे; दोन वर्षांच्या रेघा होत्या, एकीजवळ एक. त्यांनी एका रेघेवर बोट ठेवलं.

"हितवर हाय."

"नीट दाखवा," मी म्हणालो, आणि पट्टी हातात घेतली.